गावठीचा भाव

मराठीत कुत्र्याच्या वंशाला ‘जात’ म्हणतात आणि ज्याच्या पूर्वजांची लेखी नोंद दाखवता येते तो ‘जातिवंत’ ठरतो. ज्याचे निम्मेच कुळ सांगता येते तो ‘क्रॉस’, हा शब्द मालक किंचित आवाज उतरवून उच्चारतो, आणि उरलेल्या साऱ्यांना ‘गावठी’ हे एक विशेषण पुरते.

या विशेषणाच्या अभ्यासास पावसाळ्यातील पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्याइतके सोयीचे क्षेत्र नाही. शनिवारी मुंबई-ठाण्याहून निघालेल्या मोटारीच्या मागच्या आसनावर लॅब्राडोर बसलेला असतो, आणि मोटार तिथल्या खोडाळा गावात थांबताच पहिली चौकशी होते ती गावठी कोंबडीची. ती ब्रॉयलर नाही ना, हे दोनदा विचारून मगच वाढीव भाव आनंदाने मोजला जातो. उन्हापावसात टिकणे, औषधावाचून जगणे, आपले अन्न आपण हुडकणे हे गुण कोंबडीत असले की त्यांची चव होते, कुत्र्यात असले की त्यांस वळण नसणे म्हणतात, आणि मोटारीची काच वर जाते.

आत बसलेल्याचे कुळ तपासावे, तर त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची मिश्र वंशाची कुत्री, म्हणजे तिकडची गावठीच, असे दिसते. लंडनचा केनेल क्लब, अर्थात कुत्र्यांच्या वंशावळी नोंदवणारी संस्था, 1873 मध्ये स्थापन झाला आणि लॅब्राडोरला स्वतंत्र जातीची मान्यता 1903 मध्ये मिळाली. त्यानंतर वंशाची दारे लावून घेतल्याने खुब्याच्या सांध्याचे दुखणेही काही घराण्यांत वडिलोपार्जित झाले. तरीही तीन पिढ्यांची नावे असलेले प्रमाणपत्र पिल्लासोबत घरपोच मिळते. मोखाडा तालुक्यातील वारली वा कातकरी तरुणास मात्र जात पडताळणीसाठी 1950 पूर्वीचा कागद शोधत आजोबांच्या शाळेपर्यंत जावे लागते, आणि आजोबा शाळेत गेलेच नसतील तर पंचाईत होते. पण त्याच्या कुळाविषयी कोणी कौतुकाने चौकशी केल्याचे ऐकिवात नाही.

जेवणानंतर पंक्तीत हाडे उरतात. शिजवलेली हाडे पशुवैद्याने वर्ज्य केल्यामुळे लॅब्राडोरला पाकिटातले खाणे मोजून दिले जाते, आणि गावठी कोंबडीचा शेवटचा, सर्वांत रसाळ भाग कुंपणाबाहेर ताटकळलेल्या गावठी कुत्र्यास, फुकट, मिळतो.