आद्यश्रोते

आमच्या भाऊजींना कुठलाही बँड दाखवा, त्यांनी तो आधीच ऐकलेला असतो. तोही अशा खोलीत, जिथे जेमतेम चाळीस माणसं होती. तुमच्या नात्यातला आद्यश्रोता कदाचित नाटकवाला असेल. १९७२ सालचा 'घाशीराम'चा पहिला प्रयोग आपण पाहिला असं सांगणारी माणसं एकत्र केली, तर स्वारगेटचं नेहरू स्टेडियम भरून वर रांग लागेल. किंवा तो वडापाववाला असेल, दुकान नव्हतं आणि नुसती गाडी होती तेव्हापासून तिथे खाणारा. आमचा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. दिवसा डेटाबेस सांभाळतो आणि संध्याकाळी बँजो, मँडोलिन आणि दाढीवाल्या पोरांची रडकी गाणी ऐकतो.

ह्या चाळीस माणसांचं एक गणित आहे. बँड जितका मोठा होत जातो, तितकी भाऊजींच्या त्या मूळ खोलीतली माणसं कमी होत जातात. एव्हेट ब्रदर्स नावाच्या भावांची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा खोलीत साठ जण होते. त्या भावांना ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि साठांचे तीस झाले. आता ते मोठमोठी पटांगणं भरवतात, आणि भाऊजींकडे बारा माणसं उरली आहेत, त्यातली दोन बारमागची. बाकीच्यांचं काय झालं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

हा नियम संसारालाही लागू आहे. ताईच्या हातचं पिठलं लग्नाआधी 'खरं' होतं. पाहुणे फार वाढले, तसा त्याला गर्दीचा वास यायला लागला. एका आता अगडबंब झालेल्या कंपनीने म्हणे भाऊजींना मुलाखतीला बोलावलं होतं, तेव्हा तिथे नऊ माणसं होती. "आणि तुम्ही गेला नाहीत?" असं कुणी विचारलं की ताईच स्वयंपाकघरातून उत्तर देते, "त्या दिवशी ह्यांना बँड ऐकायचा होता." गाण्यात आद्य आणि शेअरमध्ये अंत्य.

एकदा मात्र ते सापडले. सॅन फ्रान्सिस्कोत 'नॉइज पॉप' नावाचा इंडी बँडांचा महोत्सव होतो. त्याची सुरुवात १९९३ च्या जानेवारीत केनेल क्लब नावाच्या जागेत झाली, पाच बँड पाच डॉलरला. त्याच जागेत आता 'द इंडिपेंडंट' आहे, डिव्हिसाडेरो रस्त्यावर. गाडी तिथून गेली की भाऊजी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीला लावतात, लोक सारसबागेवरून जाताना लावतात तसा. "पाच डॉलर! पाच बँड! किती माणसं होती माहितेय?" ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, आपण शहाण्णव साली आलो." गाडीत दोन सिग्नल शांतता. मग भाऊजी म्हणाले, "जो तिथे होता, त्याच्याकडून मी सगळ्यात आधी ऐकलं."

तर अशा माणसाबरोबर मी 'हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास'ला जाते. ऑक्टोबरच्या सुरुवातीचे शुक्रवार ते रविवार, गोल्डन गेट पार्क, आणि तिकीट शून्य. सिलिकॉन व्हॅलीत फुकट असं फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे गर्दी लाखांनी होते. हा सगळा प्रकार वॉरन हेल्मन नावाच्या गृहस्थांनी २००१ मध्ये सुरू केला. धंदा खासगी गुंतवणुकीचा, हौस पाच तारांच्या बँजोची. पणजोबा आयझायस हेल्मन मोठे सावकार. १८९३ च्या घबराटीत लॉस एंजेलिसच्या त्यांच्या बँकेबाहेर ठेवीदारांची रांग लागली, तेव्हा त्यांनी काउंटरवर सोन्याच्या नाण्यांचे मनोरे रचून लोकांना शांत केलं म्हणतात. महोत्सवातल्या एका मंचाला 'टॉवर्स ऑफ गोल्ड' म्हणतात ते त्यावरूनच. आणि ह्या घराण्याच्या पैशाने बांधलेल्या मंचावर हेझल डिकन्स गायच्या, वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगारांच्या घरातली मुलगी, खाणमालकांच्या नावाने बोटं मोडणारी गाणी. हेल्मन समोर बसून डोलायचे. भांडवलशाहीचं हे एवढं एक रूप मला आवडतं. ते आणि हेझल डिकन्स दोघेही २०११ साली गेले. मैदानाला आता हेल्मन हॉलो म्हणतात, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या पैशावर महोत्सव अजून चालतो, प्रायोजकांच्या फलकांशिवाय.

भाऊजींच्या मते मात्र तो २००४ मध्येच संपला. त्याआधी नाव नुसतं 'स्ट्रिक्टली ब्लूग्रास' होतं. मग रॉकवाले, इंडीवाले, कुठले कुठले गायक यायला लागले आणि नावापुढे 'हार्डली' लागलं. संपलेल्या ह्या महोत्सवाला भाऊजी दरवर्षी तिन्ही दिवस जातात. पहाटे निघतात, बँजो स्टेजसमोर निळी ताडपत्री अंथरतात आणि चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवतात: थालीपीठ, चिवडा, दही, आणि चौथ्यात काय असतं ते मला अजून कळलेलं नाही, पण तो उघडायचा नसतो, तो वजनासाठी असतो. डोक्याला माकडटोपी. दहापर्यंत धुकं असतं, मग ऊन चढतं आणि आसपास गांजाचा धूर सुरू होतो. पहिल्या वर्षी माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या. त्यांनी दोनदा खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "कसली गं ही उदबत्ती? छान झोप येतेय."

गाणं सुरू झालं की भाऊजींचं निरूपण सुरू होतं. बिल मन्रो केंटकीचे, त्यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज'वरूनच ह्या संगीताला नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज त्यांच्या ताफ्यात आले आणि तीन बोटांनी असा बँजो वाजवला की लोक उभे राहिले. हे सगळं भाऊजी असं सांगतात की मागे तंबोऱ्याला तेच बसले होते. खरं म्हणजे त्यांना स्क्रग्जपेक्षा दुसऱ्याच एका व्यक्तीबद्दल आदर आहे. डॉक वॉटसन हे नॉर्थ कॅरोलिनातले दृष्टिहीन गिटारवादक. २००० साली बून गावातल्या औषधाच्या दुकानासमोर काही पोरं रस्त्यावर वाजवत होती. ती डॉकच्या मुलीने ऐकली, वडिलांना आणून ऐकवली, आणि डॉकनी त्यांना आपल्या महोत्सवात बोलावलं. तीच पोरं म्हणजे 'ओल्ड क्रो मेडिसिन शो'. जग डॉकना मानतं, भाऊजी त्यांच्या मुलीला मानतात. "आधी ऐकलं कुणी?" ते बोट वर करून विचारतात. "तिने!"

गेल्या वर्षी आमच्या ताडपत्रीला लागून एक म्हातारबुवा येऊन बसले. पांढरी शेपटी, अनवाणी पाय, बर्कलीचे. समोर गिलियन वेल्च आणि डेव्ह रॉलिंग्ज येणार होते. भाऊजींनी हलकेच खडा टाकला, "मी ह्यांना फार पूर्वी ऐकलंय. शंभर-एक माणसं असतील." म्हातारबुवा थालीपीठ चावत म्हणाले, "मी पन्नासांत." ताईने माझ्याकडे पाहिलं. "तशी पन्नासच होती," भाऊजी म्हणाले, "पण अर्धी मध्येच उठून गेली." म्हातारबुवांनी दही मागून घेतलं. "मी बर्कलीला 'फ्रेट अँड सॅल्व्हेज'मध्ये जातो. जुन्या जागेतली गोष्ट. एका पावसाळी रात्री वीसच खुर्च्या भरल्या होत्या." भाऊजी पंधरावर आले. म्हातारबुवा बारावर. उलटा लिलाव चालला होता. भाऊजींनी डोळे मिटले, दम घेतला आणि म्हणाले, "नऊ. साउंडवाला धरून."

म्हातारबुवांनी बोटं चाटली. "साउंडवाला मीच होतो," ते म्हणाले.

भाऊजी हरलेले मी प्रथमच पाहत होते. वेल्चबाई गाऊन गेल्या, तरी त्यांच्या तोंडून एक आकडा निघाला नाही. मला आसुरी आनंद झाला, हे कबूल करते. म्हणून दुपारी, जखमेवर मीठ म्हणून, मी विचारलं, "भाऊजी, आणि भीमसेनांना किती माणसांत ऐकलंत?"

"दहा हजार," ते म्हणाले. "ती आत. मी बाहेर."

मग कळलं. भाऊजींचे वडील एका पेढीवर कारकून. कॉलेजात असताना सवाई गंधर्वच्या तिकिटाला पैसे नसायचे, आणि पास ज्यांच्या ओळखी असतात त्यांना मिळतात. तिन्ही रात्री भाऊजी रमणबागेच्या भिंतीबाहेर उभे असत, चहाच्या गाडीजवळ, कारण तिथे शेगडी होती. भीमसेन शेवटी गायचे. षड्ज लागलेला कळायचा, त्यापाठोपाठ आत उठलेली 'वाहवा' कळायची, पण कशाला ते पुष्कळदा कळायचं नाही, कारण नेमकी तेव्हा रिक्षा जायची. "तोंड कधी दिसलं नाही," भाऊजी म्हणाले. "गाताना हात असे करतात म्हणायचे. ते मी नंतर व्हिडिओत पाहिले."

शहाण्णवला ते आले. ताई मुलाला घेऊन पहिले आठ महिने माझ्याकडे, म्हणजे आमच्या आईकडेच होती. 'आपण आलो' हे ती नवऱ्याच्या हिशेबाने म्हणते. सनीव्हेलच्या दोन खोल्यांत पाच जण, गाडी एकाकडे, तीही बंद. शनिवारी कॅल्ट्रेन पकडून भाऊजी शहरात जायचे आणि जिथे दारावर चार-पाच डॉलर घेतात तिथे शिरायचे. आत मूठभर माणसं. गाणारा हाताच्या अंतरावर, गाता गाता तुमच्याकडे बघणारा. "ह्या देशात 'कसा आहेस' असं विचारून उत्तरासाठी थांबलेला पहिला माणूस बँजोवाला होता," ते म्हणाले. "मी त्याला अर्धा तास उत्तर दिलं. बिचारा तारा सैल करायचा राहिला."

मला हे आधी कुणी सांगितलं असतं, तर निदान पहिल्या दोन-तीन वेळा मी जांभई आवरली असती. आता बोलून काय. ती बारा माणसं भाऊजींनी बढाईसाठी जपलेली नाहीत एवढं मात्र मला कबूल करावं लागतं. ते एकेकाला ओळखत होते. एक टपालखात्यातला होता, एक बाई कुत्रा घेऊन यायची, बारमागचा एक दर वेळी ह्यांना शेंगदाणे जास्त द्यायचा. बँड मोठा झाला की ही माणसं गर्दीत दिसेनाशी होतात, आणि त्याचा राग भाऊजी बँडवर काढतात. 'आता बिघडले' म्हणतात. कोण बिघडलं, काय बिघडलं, हे त्यांना विचारू नये.

रविवारी संध्याकाळी एमिलू हॅरिसना वेळ होता. पहिल्या वर्षापासून त्या येतात आणि महोत्सवाची सांगता त्यांच्या गाण्याने होते, सवाईत आधी भीमसेन आणि पुढे प्रभा अत्रे गायच्या तशी. ताईला डबे राखायला बसवून भाऊजी मला एका धाकट्या मंचाकडे घेऊन गेले.  तिथे तीन पोरं आणि मँडोलिनवाली एक पोरगी वाजवत होती, बरी, फार बरी नाही. मधल्या गाण्यात तिची तार तुटली. भाऊजी ताठ उभे होते, आणि प्रत्येक गाण्यानंतर असे टाळ्या वाजवत होते की पुढचे लोक मागे वळून बघत. संपल्यावर त्यांनी टीशर्ट घेतला. फक्त लहान मापाचा उरला होता, तोच घेतला. मग त्या पोरीला विचारलं, "कशी आहेस?" आणि थांबले. पोरगी सांगायला लागली: व्हॅन बंद पडली आहे, आई नाराज आहे, नर्सिंगची परीक्षा सोडली आहे. मी घड्याळ दाखवत होते, भाऊजी मान हलवत होते. तिकडे एमिलूबाईंची दोन गाणी होऊन गेली.

पोरगी बोलत होती तेव्हा मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी ऐकायला आलेली माणसं मोजली होती. एकसष्ट.

परत निघालो. डेली सिटीपाशी भाऊजींना मुलाचा फोन आला. "काय बँड होता रे! पन्नास माणसंसुद्धा नव्हती." मी ताईकडे पाहिलं, ती आरशात बघून टिकली नीट करत होती. सॅन मटेओच्या पुलावर मंडळातल्या कुणाचा तरी फोन आला, तेव्हा ती पस्तीस होती. हेवर्डला पेट्रोल भरताना शेजारच्या पंपावरच्या सरदारजींना भाऊजींनी ती वीसच सांगितली, आणि टीशर्ट पिशवीतून काढून दाखवला.

"जरा सावकाश चालवा," ताई म्हणाली. "फ्रीमाँट येईपर्यंत निदान आपण तिघं तरी उरू द्या."