समोरच्याच्या हातात लाठी, तुमच्या हातात रिमोट

सुरुवातीलाच व्हिडिओ गेमच्या कॅसेटवरचं चित्र डोळे भरून बघून घ्या, कारण त्यातलं आत काहीही सापडणार नाही. चित्रात तलवार असेल, साखळदंड असेल, उघड्या छातीचा एखादा रॅम्बो असेल आणि कोपऱ्यात विनाकारण एक हेलिकॉप्टर असेल. खाली लिहिलेलं असेल ‘९९९९ इन १’. मोजायला बसू नका. थोडे गेम झाले की तेच गेम दुसऱ्या नंबरावर, दुसऱ्या स्टेजपासून सुरू होतात. त्या यादीत ‘यी आर कुंग-फू’ शोधा. नुसतं ‘कुंग फू’ लिहिलेलं दिसलं तर थांबा, तो वेगळा गेम आहे. त्यात पहिल्या मजल्यावर डावीकडे चालत सुटायचं असतं आणि पाचव्या मजल्यावर कोंडलेल्या पोरीला सोडवायचं असतं. आपल्या गेममध्ये कुणालाच सोडवायचं नाही. तुम्हीही सुटणार नाही.

आता जोडणी. सेट कुठल्याही नावाचा चालेल: लिटल मास्टर, टर्मिनेटर, नाहीतर बिननावाचा. आत सगळ्यांच्या एकच यंत्र आहे, निन्टेन्डोने १९८३ साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावा आणि मुंग्यांतून चित्र येईपर्यंत ट्यूनिंगचं चाक फिरवा. हे काम घरातल्या थोरल्या पोराचंच असतं. धाकट्याने चाकाला हात लावला तर मिळालेलं चित्र जातं आणि मग दिवसभर त्याच्याच नावाने ठणाणा.

भडगावात खेळणाऱ्याने मे महिन्यात व्होल्टेजचा विचार केल्याशिवाय रिमोट हातात घेऊ नये. दुपारी एक वाजता गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू होतात आणि जुन्या टीव्हीचं चित्र कडेने आकसत आत येतं. मैदान लहान झालं म्हणून शत्रू जवळ आला असं समजू नका. अंतर तेवढंच आहे, फक्त पडदा बारीक झालाय. स्टॅबिलायझर टकटक वाजायला लागला की खेळ थांबवा. नाहीतर मागून आजीचा आवाज येतोच, “बंद कर ते डबडं, बिल कोन भरी?” गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते हा तिचा दुसरा मुद्दा. त्यावर वाद घालू नये. तिने ट्यूब जाताना कधी पाहिलेली नाही, पण तुम्हीही ती टिकेल अशी हमी देऊ शकत नाही.

कॅसेट लागली नाही तर फुंकर मारा. सगळे मारतात. खरं तर फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या वाफेने तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतात. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पिना नीट टेकतात आणि गेम चालू होतो. श्रेय मात्र फुंकरीला जातं. ज्याची फुंकर ‘लागते’ त्याला गल्लीत मान असतो, तो कशाला घालवायचा? मारा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. हा गेम कोनामी कंपनीने १९८५ साली आधी नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या मशीनसाठी काढला. त्यात अकरा शत्रू होते आणि बहुतेकांची नावंच त्यांच्या शस्त्रांवरून ठेवलेली: पोल, चेन, क्लब, फॅन, सोर्ड, स्टार. लाठीवाला, साखळीवाला, सोटा-ढालवाला, पंखेवाली, तलवारवाला, चांदण्या फेकणारी. शस्त्रांचा असा भरलेला बाजार त्या काळी दुसऱ्या मारामारीच्या गेममध्ये क्वचितच असेल. त्याच वर्षी हा गेम फॅमिकॉमवर आला. त्या वेळच्या साध्या कॅसेटमध्ये जास्तीत जास्त चाळीस किलोबाइट मावायचे. तुमच्या फोनमधल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. मग काटछाट झाली आणि अकराचे पाच राहिले. तलवारवाला गेला, सोटेवाला गेला, पंखेवाली गेली. म्हणजे ज्या तलवारीच्या चित्रावर भुलून तुम्ही भावाच्या दोन कॅसेटी देऊन ही एक घेतलीत, ती तलवार भडगावला पोचायच्या आधीच जपानात उतरवून ठेवली होती.

उरलेली शस्त्रंही तुम्हाला मिळणार नाहीत, हे नवशिक्यांना फार उशिरा कळतं. तुम्ही ‘ली’ आहात. तुमच्याकडे दोन हात, दोन पाय आणि एक अवाजवी उंच उडी आहे. शत्रूला पाडलं तर त्याची लाठी उचलता येईल, अशी आशा प्रत्येक जण धरतो. सगळी बटणं एकदम दाबून पाहतो. सिलेक्ट दाबतो. रिमोट उचलून हिसके देतो. लाठी उचलता येत नाही. शत्रू पडतो, लाठीही त्याच्यासोबत जाते आणि पुढचा येतो तो त्याहून लांबून मार देणारा.

एका बटणाने ठोसा, दुसऱ्याने लाथ. वरची दिशा उडी, खालची दिशा बसणे. टर्बोची बटणं असतील तर ती पहिल्या आठवड्यातच रुतून बसतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. दिशा आणि बटण एकत्र दाबून निरनिराळे वार काढता येतात, पण खरं सांगायचं तर तुम्हाला एकच पुरेल: खाली बसून पायावर लाथ. दिसायला अगदी हलकट, पण लागू पडते. ज्यांना उडी मारून छातीवर लाथ घालायची हौस आहे त्यांनी ती जरूर घालावी. बघणारे वाहवा करतील आणि पुढचा नंबर लवकर लागेल.

पहिला वँग. हातात लाठी. बहुतेक नवशिके लांब उभे राहून अंदाज घेतात, आणि लांबवर मार देण्यासाठीच तर लाठी असते. त्याच्या अंगाला चिकटा. आखाड्यातला कुणीही म्हातारा हेच सांगेल की लाठीवाल्याच्या पोटाशी गेलं की लाठीचा निम्मा जोर जातो.

दुसरा टाओ. त्याच्याकडे शस्त्र नाही, तो तोंडातून आगीचे गोळे सोडतो. शस्त्रांचा गेम म्हणून बसलेल्याला ही फसवणूक वाटते, आणि ती आहेच. गोळा येताना उडी मारा आणि उतरताना त्याच्याजवळ उतरा.

तिसरा चेन. त्याच्या साखळीचा टप्पा वँगच्या लाठीहूनही लांब. इथे पुष्कळ जणांचा धीर सुटतो आणि ते रिमोट भावाच्या हातात देऊन पाणी प्यायला जातात. जाऊ द्या. साखळी परत खेचून घेतो तेवढ्यात पुढे सरका. लँग टोकदार चकत्या फेकते. त्या कधी डोक्याच्या उंचीवर येतात, कधी पायाच्या, त्यामुळे उडायचं की बसायचं हे ठरवेपर्यंत एक लागलेली असते. आणि शेवटचा मू, जो हातात काहीच घेत नाही, सरळ आडवा होऊन हवेतून अंगावर येतो. त्याची वेळ साधून लाथ मारायची. वेळ साधत नाही म्हणून सगळी बटणं दाबणाऱ्यांचाही मू अधूनमधून मरतो. त्यांनी त्याचं कारण विचारू नये.

शत्रूच्या हातात आहे तेच शस्त्र आपल्या हातात देणारे गेम पुढे आले. एसएनकेचा ‘सामुराई शोडाऊन’ १९९३ मध्ये, ताकाराचा ‘तोशिन्देन’ १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर. त्यांना दुसरी यंत्रं लागत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाकडे आलेलं शहरातलं एखादं पोर त्यांची वर्णनं सांगायचं. ऐकून घ्या, पण त्याला रिमोट लगेच देऊ नका. “आते मना नंबर शे,” एवढं बोललं की झालं.

मू मेला की तुम्ही जिंकलात असं वाटेल. रिमोट खाली ठेवू नका. मिरवणूक नाही, राजकन्या नाही, आभाराची पाटी नाही. पुन्हा वँगच येतो, तीच लाठी घेऊन, पहिल्यापेक्षा जास्त चलाख होऊन. त्याच्यामागे पुन्हा टाओ, पुन्हा चेन. हे चक्र तुम्ही मरेपर्यंत, नाहीतर लाइट जाईपर्यंत चालतं. भडगावात आधी काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. लाइट गेली की आकडे पुसले जातात, कारण स्कोअर जपून ठेवायला कॅसेटमध्ये सेल नसतो.

म्हणून शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. मोठा स्कोअर व्हायला लागला की साक्षीदार बोलवा. एकटा चालत नाही, दोन हवेत. त्यातला एक तरी शत्रुपक्षातला असावा, कारण सख्ख्या भावाच्या साक्षीवर गल्लीत कोणी विश्वास ठेवत नाही. आणि साक्षीदार निवडताना तो संध्याकाळच्या एसटीने पाचोऱ्याला परत जाणार नाही ना, हे आधी विचारून घ्या.