चित्र आईचं, सही चिरंजीवांची

शाळेची चित्रकला स्पर्धा; विषय ‘आई आणि मूल’. रात्री साडेअकराला चिरंजीव घोरत होते आणि त्यांची आई कार्डशीटवरच्या आईच्या पदराला फेव्हिकॉलनं खरी जर चिकटवत होती. बाळ गुटगुटीत, आई हसरी. (खरी आई जांभया देत होती.)

पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांची आई ते तान्हे असतानाच गेली, चेहरा आठवेना. पुढं मदर तेरेसा रंगवताना त्यांनी निळ्या काठाची साडी काढली, चेहरा रिकामाच ठेवला. आमच्या शाळेत ‘चित्र अपूर्ण’ शेरा मिळाला असता.

चिरंजीवांचं मूळ चित्र रद्दीत सापडलं: ओट्याशी पाठमोरी आई. जर चिकटवलेल्या चित्राचा पहिला नंबर आला. बक्षिसाची रंगपेटी आईनंच कपाटात ठेवलीय, पुढच्या स्पर्धेसाठी.