बिनशपथेच्या ज्युरीस अनावृत पत्र

प्रति,
मान्यवर ज्युरी सदस्य,
सर्व सोसायटी ग्रुप व विरार लोकल, वसई-विरार

विषय : निकालाची घाई

सविनय निवेदन असे की, ज्युरी, म्हणजे शपथ घेऊन केवळ न्यायालयासमोरील पुराव्यावरून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मोडीत काढले असले, तरी ते वसई ते विरार या टापूत मोबाईलवर अहोरात्र भरते, ही बाब कायदेमंडळाच्या नजरेतून निसटलेली दिसते.

इंग्लंडमध्ये ज्युरी सदस्याने चालू खटल्याविषयी इंटरनेटवर शोध घेणे हा २०१५च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. त्याआधी २०११ मध्ये, ज्युरीचा विचारविनिमय सुरू असतानाच सुटलेल्या सहआरोपीशी फेसबुकवर गप्पा मारणाऱ्या सदस्येला आठ महिन्यांची शिक्षा झाली. येथील सदस्यांना असला जाच नाही. रात्री अकराला दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे आधीच अनेक हातांतून फिरलेला, व्हिडिओ येतो. त्याखाली ‘शुभ रात्री’चा गुलाब, त्याखाली ‘फाशीच द्या’, त्याखाली उद्या पाणी येणार नाही ही सूचना. आणि सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेले सदस्य ती शिक्षा कायम करतात.

ज्युरी बदनाम झाली, तेव्हा हे काम छापील कागद करत असे. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली होती आणि १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले. परंतु सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मोबाईलवरील कौलाला असे वरचे न्यायालय नाही, हीच त्याची सोय.

७ एप्रिल २०२० रोजी व्हॉट्सॲपने वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. नऊ दिवसांनी याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवांच्या दिवसांत, जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. त्यांच्यावर ना आरोपपत्र होते, ना त्यांना वकील मिळाला.

तरी पुढील फाशीपूर्वी निदान पोलिसांना पंचनामा उरकू द्यावा, ही विनंती.

प्रत माहितीसाठी : ग्रुप ॲडमिन (पाण्याची सूचना कृपया वर पिन करावी).