आय-सेव्हन आहे ना, मग झालं!

गल्लीत कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा असला की लोक माझा सल्ला घेतात आणि मग स्वतःच्या मनासारखं करतात. यातल्या पहिल्या भागावर मी पेन्टियम फोरच्या काळापासून खूश आहे. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून लावलंय, तेही पाहुण्यांना बसल्याजागी वाचता येईल अशा उंचीवर.

भाच्याला गेमिंग पीसी जोडायचा होता.

"प्रोसेसर कोणता?" मी चष्मा पुसत विचारलं.

"रायझेन फाइव्ह 5600. सहा कोअर, बारा थ्रेड. बोर्ड बी-450."

रात्रभर व्हिडिओ बघून मी याचीच वाट पाहत होतो. "बोर्ड जुन्या स्टॉकमधला निघाला तर बायोस अपडेट केल्याशिवाय तो हा प्रोसेसर ओळखायचा नाही, बाबा."

"फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतोय, मामा. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून अपडेट होतं." आणि वर, "पण तुम्ही बरोबर सांगितलं हां!" हल्लीची पोरं फार सांभाळून घेतात. त्याचाच जास्त राग येतो.

मग मी एएम-5 चा आग्रह धरला. 2022 चं सॉकेट, पुढेमागे नुसता प्रोसेसर बदलता येईल. पण त्याला डीडीआर-5 रॅमच लागते आणि भाच्याकडे होती डीडीआर-4. खाच वेगळ्या जागी, जोर केला तरी बसायची नाही. इंटेलच्या 1700 सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारच्या रॅमचे मिळतात, मात्र एका बोर्डाला सहसा एकच प्रकार चालतो. हे मी रंगात येऊन सांगत असताना स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, "इतला पैसा कसाले?" एवढं मात्र कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

माझा खरा अधिकार मात्र उन्हाळ्यावर. प्रोसेसरची परीक्षा घेणारे ती एसी खोलीत घेतात. त्यांनी मे महिन्यात दोंडाईचाला यावं, पारा चव्वेचाळीसवर असताना. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतल्या हवेपेक्षा गार काही करू शकत नाही. खोलीच तापलेली तर तो बिचारा गरम हवाच गरम चिपवर फेकणार. यावर आमच्याकडचा तोडगा म्हणजे पत्र्याचा कूलर. मार्च सरता सरता तो माळ्यावरून उतरतो, गेल्या वर्षीचं कडक झालेलं गवत निघतं, नवं भरलं जातं, पंपाच्या नळीत अडकलेला कचरा तारेने काढायचा मान माझा. पहिलं पाणी सुटलं की जो ओला वास येतो, त्याच्यासमोर जागा मिळवायला आम्ही भावंडांनी गाद्या फाडल्या आहेत. वडील सगळ्यांत लांब, दाराशी झोपायचे. त्यांना गार सोसत नाही असं सांगायचे आणि आम्ही ते खरं मानायचो.

असो. हा कूलर कॅबिनेटच्या तोंडाशी लावावा, ही माझी सूचना भाच्याने बोर्डावर पाण्याचे तुषार उडतील म्हणून फेटाळली. मिरचीच्या धुळीचं मात्र मानलं. लाल मिरचीच्या या गावात मी जुना कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला होता, तेव्हा शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे फोडणी जळली. त्याने जाळीचा फिल्टर यादीत टाकला. यादीतली ती एकच ओळ माझी.

याच सुमारास गल्लीतल्या एका पोराने कॉम्प्युटर आणला. आई मिरचीची देठं खुडायला जाते, पैसे त्यातलेच. दुकानदाराने सांगितलं होतं, "आय-सेव्हन, सोळा जीबी, गेमिंग." मी स्क्रीनवर पाहिलं: 3770. आकड्यातला पहिला तीन म्हणजे तिसरी पिढी, 2012 ची. 2022 चा 12400 नावाने आय-फाइव्ह असून त्याला सहज मागे टाकतो. विंडोज 11 या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि त्या विंडोजवर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम 2.0 या सुरक्षेच्या सोयीशिवाय, जी इतक्या जुन्या बोर्डांवर सहसा नसते, सुरूच होत नाही. दहा वर्षांहून जुनी चिप रंगीत दिव्यांच्या पेटीत घालून विकायची, पिढी विचारली नाही तर सांगायची नाही, याला धंदा म्हणतात म्हणे. मी त्या दुकानापर्यंत जाऊन पायरीवरून परत आलो. बिलावर नुसतं "आय-सेव्हन" लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"भारी आहे ना, काका?" पोराने विचारलं.

कुठल्याही विषयावर अर्धा तास बोलू शकणारा मी म्हणालो, "पंखे भारी आहेत."

भाच्याने मात्र ऐकून लगेच हिशोब मांडला. जीटीए फाइव्ह या गेमच्या मूळ आवृत्तीला शिफारस केलेला प्रोसेसर तिसऱ्या पिढीचाच आहे, म्हणजे 3770 पुरतो. अडलंय ते ग्राफिक्स कार्डावर. पेटीतला पॉवर सप्लाय यथातथा, त्याला कार्डाची वेगळी वायरही नाही, म्हणून स्लॉटमधूनच वीज घेणारं 1050 टीआय हवं. ते त्याने मित्राकडून वापरलेलं मिळवलं, आणि स्वतःचा बोर्ड यायच्या आधी शेजारची पेटी उघडून बसला. पोरगं स्क्रू वाटीत जमवत होतं. मला टॉर्च धरायला सांगितलं.

मी धरला. धरता धरता बायोसविषयी थोडं बोललो.