नॉट फॉर बॉल

शेंडीच्या स्टँडवर उतरून "बंदूकवाले अण्णा कुठे राहतात?" असं विचारलंत, तर सांगणारा आधी तुमच्याकडे दयेनं बघतो. "घाईत नाही ना?" म्हणतो आणि मगच बोट करतो.

अण्णांनी आयुष्यात बंदूक एकदाच उडवली आहे. तीही बहात्तरच्या दुष्काळाआधी, वडील पाठीशी उभे असताना, रतनगडाच्या बाजूच्या कारवीत, एका रानकोंबड्यावर. कोंबडा ओरडत निघून गेला आणि उंबराची एक फांदी खाली आली. पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं, आणि अण्णांचा शिकारीचा हिशेब 'कोंबडे शून्य, फांदी एक' इथेच बंद झाला. बंद झालेली नाही ती फक्त योग्य काडतुसाची शोधाशोध. ती पन्नास वर्षं चालू आहे.

"अण्णा, मारायचं काहीच नाही, तर काडतूस कोणतं याची पंचाईत कशाला?" असं मी एकदा विचारून बसलो. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लग्नाला जायचं नसलं तरी तुम्ही पत्रिकेवरचा मुहूर्त वाचता की नाही?"

बंदूक कपाटात असते, जुन्या धोतरात गुंडाळलेली. अण्णा तिला 'म्हातारी' म्हणतात. काकूंना वाटायचं आपल्यालाच म्हणतात, त्यावरून लग्नाच्या पहिल्या दहा वर्षांत बरंच रामायण झालं. बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमची, घोडे बाहेर. बारा बोअर म्हणजे काय हे तुम्ही विचारलं नाही तरी कळतंच: नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर एक पौंड भरतो. नळ्या दमास्कसच्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, गुंडाळून, ठोकून केलेल्या, त्यामुळे अंगावर पैठणीच्या काठासारखी नक्षी. भंडारदरा धरणाचं काम 1910 ते 1926 असं सोळा वर्षं चाललं, त्यातल्या कुठल्यातरी साहेबानं जाताना ती अण्णांच्या आजोबांना दिली. का दिली, याच्या दोन कथा आहेत. एकीत आजोबांनी साहेबाला बिबट्यापासून वाचवलं. दुसरीत साहेब आजोबांचं देणं लागत होता. पाहुणा मुंबईचा असला तर पहिली सांगतात.

नळीच्या पोटावर इंग्रजीत कोरलंय, 'नॉट फॉर बॉल'. गल्लीतली पोरं हे वाचून गेली आणि अण्णांच्या अंगणात क्रिकेट खेळायचं नाही असा समज गावभर पसरला. खरा अर्थ असा की नळीचं तोंड आवळलेलं आहे, हिच्यातून सबंध गोळी झाडायची नाही, छर्रेच झाडायचे. हा शिक्का 1875 ते 1887 एवढीच वर्षं मारत असत. म्हणजे म्हातारीचं वय दीडशेच्या आगेमागे. शेजारी जे बारीक शिक्के आहेत ते फक्त काळ्या दारूच्या परीक्षेचे. बिनधुराच्या दारूची परीक्षा हिनं दिलेलीच नाही. आणि आता बाजारात मिळतं ते सगळं बिनधुराचं.

हे दुःख अण्णा कुठेही बोलून दाखवतात. संगमनेरच्या एसटीत माझ्याशेजारी बसून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आमच्या म्हातारीला काळी दारूच सोसते हो. दुसरी दिली तर फुटायची एखाद्या दिवशी." पुढच्या सीटवरच्या दोन बायका राजूरला उठून कंडक्टरजवळ जाऊन बसल्या.

मग लांबीचं प्रकरण. म्हातारीचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती खोबण, अडीच इंची. मिलिमीटरमध्ये पासष्ट. हल्लीची काडतुसं सत्तरची. आणि इथेच, अण्णा म्हणतात, भले भले फसतात. कारण सत्तरचं काडतूस पासष्टच्या घरात आरामात बसतं. असं कसं? अण्णा उठतात, सदऱ्याची बाही तीन घड्या घालून कोपरापर्यंत दुमडतात. "काय दिसतं? अर्ध्या बाहीचा सदरा. आता हे बघा." सर्रकन बाही सोडतात, ती बोटांपर्यंत येते. "बाही दुमडली म्हणून सदरा आखूड होतो का? काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की ते उमलतं. लांबी मोजायची ती उमलल्यावरची. पुढे घर निमुळतं होत गेलेलं, त्यात हे उमललेलं तोंड अडकतं, छर्ऱ्यांना जायला वाट अरुंद, आणि मागे प्रेशर!" प्रेशर म्हणताना त्यांचा स्वतःचा चेहरा असा लाल होतो की काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन येतात.

काकूंचं म्हणणं एवढंच, की बंदुकीच्या प्रेशरची एवढी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या ताटात लोणचं दोनदा का वाढून घेतो.

दर दोन-तीन वर्षांनी अण्णा परवाना पिशवीत घालून काडतुसाच्या दुकानात जातात. दुकानदार खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' पुढे ठेवतो. अण्णा नाव वाचूनच खोका परत सरकवतात. "नावातच शक्ती आहे. आमचीला भक्ती चालेल." मग उलटतपासणी. छर्रे किती ग्रॅम? छत्तीस? छत्तीस कशाला? अठ्ठावीस पुरेत, फार तर तीस. नंबर? कोंबड्याला सहा. "कोंबडा मारणं कायद्यानं बंद आहे, अण्णा," दुकानदार म्हणतो. "ते मला सांगू नका. मी त्याला मारतोय कुठे, त्याच्या मापाचं विचारतोय." अर्ध्या तासानं अण्णा काहीही न घेता, अतिशय समाधानानं, बाहेर येतात. दुकानदारही चहा पाजतो. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तो सवय म्हणून पाजत असावा.

घरात सहा काडतुसं आहेत, वडिलांच्या वेळची, ईली-कायनॉकची, कागदी कवचाची. भंडारदऱ्याच्या पावसात कागद फुगतो, फुगलेलं काडतूस घरात जात नाही. म्हणून एका पावसाळ्यात अण्णांनी ती काळभाताच्या डब्यात खुपसून ठेवली. तांदूळ ओल धरून ठेवतो म्हणे. काकूंना सांगायचं राहिलं. व्याही जेवायला आलेले, काकूंनी अंदाजानं डबा सुपात उपडा केला, आणि वासाच्या तांदळात पितळी बुडांची सहा काडतुसं. विहीणबाईंनी त्या दिवशी भात घेतला नाही. अण्णांनी मात्र आधी काडतुसं मोजली, मग कॅलिपरनं मापली आणि स्वयंपाकघरातूनच आनंदानं ओरडले, "फुगली नाहीत!"

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. अण्णांना हा आजारी माणूस दवाखान्यात ठेवण्यातला प्रकार वाटतो. जमादाराला सूचना देतात: भिंतीला टेकवू नका, ओल लागू देऊ नका, घोडे उगीच ओढून सोडू नका. आठवड्यातून एकदा भेटायला जातात. मतदानाच्या निकालापेक्षा नळीवर तांबेरा आला का, याची उत्कंठा जास्त.

यंदा त्यांचा पुतण्या इंग्लंडहून आला. तिकडे अजून जुन्या बंदुकांचे शौकीन आहेत, त्यांच्यासाठी पासष्टची, हलक्या प्रेशरची काडतुसं मुद्दाम काढतात. 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी फेझंट मारायचा हंगाम. हा फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याच्याच कुळातला. अण्णा तल्लीन होऊन ऐकत होते. पुतण्या सांगता सांगता म्हणाला, "तिकडे ते पक्षी पाळून वाढवतात आणि हंगामाआधी रानात सोडतात, काका."

"आणि मग मारतात?"

"हो."

अण्णा बराच वेळ गप्प. "मग आपल्या परसातल्या कोंबड्या काय वाईट होत्या?"

काडतुसं काही विमानातून सहजासहजी आणता येत नाहीत. पण पुतण्या शहाणा, त्यानं रिकामा खोका आणला. वर छापलेलं: बारा बोअर, पासष्ट, अठ्ठावीस ग्रॅम, सहा नंबर. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला. खंडेनवमीला पाटावर म्हातारी, तिच्याशेजारी कोयता, विळा, आणि तो खोका. झेंडूचं फूल खोक्याला आधी.

त्या दिवशी मी तिथेच मुक्कामाला होतो. पहाटे अंगणात अण्णा कानटोपी घालून खुर्चीत बसलेले. धरणावर धुकं, पलीकडे काही दिसत नव्हतं. वरच्या कारवीतून रानकोंबडा ओरडला, तुटक, घोगरा, गावठी कोंबड्याच्या बांगेचा धडा अर्धाच पाठ झाल्यासारखा. अण्णांनी मान तिरकी केली.

"सत्तर पावलं," हळूच म्हणाले. "लांब आहे. येऊ द्या जवळ."

कोंबडा पुन्हा ओरडला, जरा जवळून. मी श्वास धरून बसलो, का ते माझं मलाच कळेना. एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, गोळी घेतली का?"

अण्णांनी कोंबड्याच्या दिशेवरून नजर हलवली नाही. "नॉट फॉर बॉल," म्हणाले.

काकू पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन बाहेर आल्या, आणि कोंबडा भुर्रकन उडून गेला.