सापडलेली शिवराई घासण्यापूर्वी

मेटल डिटेक्टर हल्ली घरपोच येतो. सोबत अक्कल पाठवण्याची सोय अजून झालेली नाही, म्हणून रायगड किनाऱ्यावरील होतकरू संशोधकांसाठी हे मार्गदर्शन.

प्रथम जागा. नवशिक्याचे पाय आपोआप कुलाबा किल्ला, रेवदंडा नाहीतर कोर्लईकडे वळतात. ते आवरावेत. ही संरक्षित स्मारकं आहेत आणि १९५८ चा कायदा तिथे खणू देत नाही. ‘खणलं नाही हो, नुसतं उकरलं’ हा खुलासा पोलीस ठाण्यात चालत नाही.

उरली पुळण. ओल्या रेतीवर यंत्र एकसारखं कोकलतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यात काळ्या वाळूतलं लोहखनिज, त्यामुळे त्याला पावलापावलावर खजिना भासतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवलं, तेही बांधकामात लोखंड टाळून. पृथ्वीचं चुंबकत्व जिथे इतकं जपून मोजतात, त्या गावात आपण हेडफोन लावून सोड्याचं बूच हुडकत असतो, याचं भान ठेवावं.

आता ओळख. बूच, डब्याची कडी, घोडागाडीच्या घोड्याचा नाल, होडीचा खिळा हे ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. मान्य करायला मात्र धैर्य लागतं. खरी परीक्षा शिशाच्या गोळीशी. पांढुरकी, जड, बोराएवढी गोळी हाताला लागली की नवशिक्याला लगेच पोर्तुगीज बंदुकीचा आवाज ऐकू येतो. गोळी उजेडात फिरवून बघावी. आरपार भोक असेल तर ती कोळ्याच्या जाळ्याची. पोर्तुगीजांची चौलची लढाई रद्द.

१८१८ सालचं, कंपनी सरकारचं म्हणवणारं, रामदरबाराचं ‘एक आणा’ नाणं सापडलं तर पाया पडून देवघरात ठेवावं. कंपनीने ते कधीच पाडलं नव्हतं; त्याला करोडो देणारी गिऱ्हाइकं फक्त फोनवरच असतात.

आणि खरोखरच शिवराई निघाली तर? जाडसर, ओबडधोबड तांबं, एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. अक्षरं अर्धी कापलेली दिसतात, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. ती थेट महाराजांच्या खजिन्यातली असं जाहीर करण्याची घाई नको. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं पेशवाई बुडाल्यावरही बाजारात चालत होतं. तुमचं नाणं एखाद्या वाण्याच्या गल्ल्यातून निसटलेलं असण्याचा संभव अधिक.

ते घरी नेताच स्वच्छता समिती बसते. आजी चिंच भिजत घालते, काका लिंबू-मीठ सुचवतात, शेजारी टूथपेस्ट घेऊन येतात. या तिघांच्या मदतीने अर्ध्या तासात नाणं लखलखतं आणि कोणत्या राजाचं होतं हा प्रश्नच मिटतो. तांब्यावरचा घट्ट काळसर-हिरवा थर हा मळ नव्हे. बरेचदा अक्षरं त्या थरातच शिल्लक असतात. आंबटाने थर गेला की तीही जातात. काही करायचंच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवून, पाणी बदलत, मीठ उतरू द्यावं. फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो क्षारांचा रोग; जाणकाराकडे न्यावं, आजीकडे नव्हे.

शेवटी मालकी. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर काय, किती, कुठे, कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! एवढ्यात आज शहाळंही मिळत नाही, पण कायद्याचा आकडा हलत नाही. असा ऐवज खरोखर निघतोही: दिवेआगरला १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना पेटी लागली, त्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. तेव्हा तिथे कुणाच्या कानाला हेडफोन नव्हता.

तर शिवराई तशीच मळकी, कागदात गुंडाळून, अर्जासह अलिबागला कलेक्टर कचेरीत न्यावी. सोड्याची बुचं तिथे घेत नाहीत. ती घरीच ठेवावीत आणि समितीला घासायला द्यावीत.